कापून नेलेली चित्रं परत पानावर

आज दुपारभर मिराडोरमध्ये (डिजिटल हस्तलिखितं ब्राउझरमध्ये बघायचं सॉफ्टवेअर) रमलो होतो. फ्रान्समधल्या शातोरू गावच्या ग्रंथालयात फ्रेंच राजांच्या इतिहासाचं एक मध्ययुगीन हस्तलिखित आहे. त्यातली काही चित्रं कुणा महाभागाने कधीकाळी चक्क कापून नेली (हात कसे धजावले असतील!). ती आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. पण दोन्हीकडच्या प्रतिमा ट्रिपल-आय-एफ (IIIF) या, वेगवेगळ्या ग्रंथालयांतल्या प्रतिमा एकत्र दाखवता याव्यात म्हणून ठरवलेल्या मानकात असल्याने स्क्रीनवर चित्र आपापल्या भोकात नेमकं बसतं. प्रतिमा आपापल्या ग्रंथालयाच्या सर्व्हरवर, जागच्या जागीच. कोणती कुठे दाखवायची एवढंच मॅनिफेस्ट नावाची फाइल सांगते. टिपणंही तशीच वेगळी राहतात. चौकोन आखायचा, लिहायचं, मूळ प्रतिमेला धक्का नाही. मी एका कोपऱ्यात मराठीत शेरा मारून ठेवलाय. मोडीवाल्यांनो, एकदा बघाच हे.