बारा, हन्नेरडु आणि डझन

शाळा उघडायच्या आठवड्यात आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या दुकानात गल्ल्यावरून मान वर करायला सवड नसते. त्यातच परवा गल्लीतली सातवीतली पोर इंग्रजीची वही घेऊन आली. 'टू डझन्स पेन्सिल्स'मधल्या शेवटच्या 'स'भोवती लाल गोल होता. "काका, दोन हाईत न्हवं? मग चुकलं कसं?"

तिला म्हटलं, आपण 'दोन डझन'च म्हणतो की नाही? आकडा पुढे असला की इंग्रजीतही डझन तसाच राहतो. नेमकं किती ते सांगायचं नसेल, नुसते पुष्कळ म्हणायचे असतील, तेव्हा 'डझन्स ऑफ'. आपलं 'डझनांनी माणसं आली होती' तसंच.

पेन्सिलींची पाकिटं आता दहाची येतात, पण वह्यांचा हिशेब माझ्याकडे अजून डझनानेच. मला तो आवडतो. बाराचे दोन, तीन, चार, सहा असे सारखे वाटे पडतात. दहाचे तिघा भावंडांत वाटून बघा! बारा डझनांचा एक ग्रोस, म्हणजे १४४. आणि दीड डझन, अडीच डझन म्हणायची आपल्या भाषेतली सोय इंग्रजीत नाही. तिथे 'वन अँड अ हाफ' असं लांबण लावावं लागतं.

खरी मौज या शब्दाच्या कुळीत आहे. डझन इंग्रजीत आला फ्रेंचमधून, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'दुओदेकिम': दुओ म्हणजे दोन, देकेम म्हणजे दहा. आपला 'बारा' संस्कृत 'द्वादश'चा, म्हणजे दोन आणि दहाच. दुओ-द्वा, देकेम-दश, दोघे एकाच घरातले. कन्नड वेगळ्या कुळातली, पण तिथेही हत्तु दहा, एरडु दोन, म्हणून हन्नेरडु. माझ्या गल्ल्यावर रोज हे तिन्ही शब्द ऐकू येतात आणि तिन्ही तेच सांगतात, हे कळलं त्या दिवशी मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं होतं.

पोरीने 'स' खोडला. मग आईने सांगितलेल्या डझनभर वह्या मागितल्या. गठ्ठा पुढे ठेवला, तर ती एकेक वही बोटाने सारत कन्नडमध्ये मोजायला लागली. तिची शाळा कन्नड माध्यमाची. हत्तु, हन्नोंदु, हन्नेरडु. "बरोबर हाईत, काका."