पाच किलो धान्य आणि तिसरं लेकरू

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच असतो. पुण्यात एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या बाईंनी विचारला, बँकेतल्या साहेबांनी विचारला, आणि गेल्या दिवाळीत माझ्या भाच्यानंही. "मावशी, तू एवढी वर्षं बीड जिल्ह्यात नर्स होतीस. फुकट धान्य वाटलं की गरिबाघरी आणखी पोरं होतात, हे तुला तरी पटत असेल ना?"

नाही पटत. पंगतीत हे सांगून होत नाही, म्हणून इथं सांगते.

मी 1963 सालची. बहात्तरच्या दुष्काळात नऊ वर्षांची होते. आई सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि आम्ही भावंडं ढिगाच्या सावलीला बसायचो. दुपारी सुकडी वाटायचे. सुकडीची गोड पूड तळहातावर घेऊन चाटून खाल्लेली मला अजून आठवते. घरी मिलोच्या भाकरी असायच्या. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. भाकरी थापताना तुटायची, आई चिडायची, पण चूल पेटायची. मे 1973 मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. विहिरी आटल्या, जनावरं गेली. तरी 1943 साली बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली, तसं आमच्याकडं झालं नाही. पुढं 1977 चा रोजगार हमीचा कायदा आला, त्याच्यामागं हाच अनुभव होता.

भाच्यानं मला होडीचा दाखला दिला. गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञानं तो 1974 मध्ये मांडला होता. श्रीमंत देश होडीत बसलेत, गरीब देश पाण्यात बुडताहेत. सगळ्यांना वर घेतलं तर होडीच बुडेल. अन्न पाठवलं तर खाणारी तोंडं वाढतील आणि पुढचा दुष्काळ आणखी मोठा असेल, असं त्याचं म्हणणं. मी हिशेब केला. आम्ही खडीच्या ढिगाशेजारी सुकडी खाल्ली, त्यानंतर सव्वा वर्षाच्या आतबाहेर हे लिहिलं गेलंय. म्हणजे पाण्यातली ती माणसं म्हणजे माझी आई, मी आणि माझी भावंडं. हे कळल्यावर मला तो युक्तिवाद लांबून, शांतपणे वाचता येत नाही, आणि वाचावा असं वाटतही नाही.

माझ्या आईची सात बाळंतपणं झाली. जगलो आम्ही चौघं. सुकडी मिळाली नसती तर तिची बाळंतपणं कमी झाली नसती, जगलेली लेकरं कमी झाली असती. मला दोन मुलं, माझ्या मुलीला एक. महाराष्ट्रात 2019 ते 2021 च्या पाहणीत एका बाईमागं सरासरी 1.7 मुलं निघाली. ज्या मुलखाला खाऊ घातलं तो वाढतच जायला हवा होता, तिथं दोनाच्याही खाली आकडा आलाय.

हे कसं झालं, ते मी उपकेंद्रात बसून पाहिलंय. 1971 साली देशात हजारी 129 बाळं वर्षाच्या आत जायची, म्हणजे आठातलं एक. अशा घरात बाई दोनावर कशी थांबेल? मी 1985 ला नोकरीला लागले. तेव्हा आम्हाला कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचं टारगेट असायचं, ते 1996 ला गेलं. टारगेट भरलं नाही की मीटिंगमध्ये उभं करायचे. एका वस्तीवर दोन मुलांची आई होती. तिनं एकच विचारलं, "नर्सबाई, ह्यातलं एक गेलं तर?" मी म्हणाले, काही होत नाही. तिचं ऑपरेशन झालं. पुढच्या हंगामात ती ऊसतोडीला गेली आणि धाकटा तिथंच, कारखान्याच्या तळावर, हगवणीनं गेला. दीड वर्षाचा होता. ती मला काहीच बोलली नाही. पण नंतर तीन वर्षं त्या वस्तीवरून एकही बाई ऑपरेशनला आली नाही. मी पुन्हा पुन्हा गेले. दारात बसवायच्या, पाणी द्यायच्या आणि विषय बदलायच्या. मी तिला जो शब्द दिला तो पाळणं माझ्या हातात नव्हतं, आणि तरी मी तो दिला. याची लाज मला निवृत्तीनंतरही वाटते.

त्या वस्तीवर पुन्हा बाया यायला लागल्या त्या माझ्या समजावण्यानं नाही. अंगणवाडीत खाऊ आला, लसीची गाडी वेळेवर यायला लागली, रेशनच्या दुकानात धान्य नेमानं मिळायला लागलं, आणि एकेका घरात दोन्ही लेकरं शाळेच्या वयाची झाली. मग त्या आपणहून विचारायला लागल्या.

आता ते पाच किलो. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं यादीतल्या बहुतेक कुटुंबांना माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. दिवसाला भागा, 166 ग्रॅम होतात. वाटीभर गहू-तांदळासाठी नऊ महिने पोट वागवून, कळा सोसून, वर त्या लेकराचं दुखणं-खुपणं, कपडा, शाळा सगळं अंगावर घ्यायला कोणती बाई तयार होईल? ज्यांनी एकदा तरी बाळंतपण जवळून पाहिलंय त्यांनी असं म्हणू नये.

लोकसंख्या कमी करा म्हणणाऱ्यांना मला आणखी एक दाखवायचंय. आमच्या जिल्ह्यात कुटुंबं लहान झाली, पण कशी? 2011 च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं 807 मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी. मुलगी पोटातच काढली की कुटुंब लहानच राहतं. आणि 2019 मध्ये सरकारी समितीनं बीडच्या 82 हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, आधी घेतलेली उचल फिटत नाही, म्हणून पिशवीच काढून टाकायची. 'तोंडं' मोजणाऱ्यांच्या हिशेबात या बाया कुठंच नाहीत.

धान्य वाटपात खोट नाही असं मी म्हणत नाही. आमचं खाणं ज्वारीचं, रेशनवर वर्षानुवर्षं आले गहू आणि तांदूळ. ताटातली भाकरी कमी झाली आणि ज्वारी पेरणाऱ्याला भाव मिळेना. पोट भरलेल्या बायांच्या पापण्या मी खाली ओढून पाहायचे, आत पांढऱ्याफटक, म्हणजे अंगात रक्त कमी. हे सुधारायचं तर ज्वारी आमच्याच शेतकऱ्याकडून घ्या, डाळ द्या, तेल द्या. धान्य बंद करून ते सुधारत नाही.

भाचा म्हणाला, मग द्यायचं तरी कुठवर? मी त्याला ऑक्टोबरात गावी ये म्हटलंय. तेव्हा ऊसतोडीला कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळी, आणि मध्ये लेकरं बसलेली. अंगणवाडीच्या रजिस्टरात त्या लेकरांची नावं इथंच राहतात, वजनाचा काटा इथंच, खाऊही इथंच. लेकरं पाच-सहा महिने उसाच्या फडात. त्या ट्रॉलीतल्या एखादीला त्यानं विचारावं, दोनावर थांबलीस का, आणि नसशील तर का.