सर्व्हर घरी ठेवायचा, भाड्याने घ्यायचा की रबाळ्याला न्यायचा?

आमच्या ग्रुपचं जुन्या कीर्तनांच्या आणि व्याख्यानांच्या कॅसेट डिजिटल करायचं काम चालू आहे आणि आता डेटा २० टीबीच्या आसपास गेलाय, त्यामुळे हा विषय टाळून चालत नाही. माझं मत सरळ आहे, डेटा भरपूर असेल, लोड रोज साधारण सारखाच असेल आणि तुम्ही मुंबईत राहत असाल तर कोलोकेशनच करा, म्हणजे आपलंच मशीन नवी मुंबईत रबाळ्यासारख्या ठिकाणी डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या जागेत ठेवा.

क्लाउडवाले, म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज नेटवरून वापरापुरतं भाड्याने देणारे, म्हणतात चिंता नको, पण बाहेर जाणाऱ्या डेटाचा हिशोब करून बघा. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबईतल्या डेटा सेंटरमधून जीबीमागे साधारण ११ सेंट लागतात, म्हणजे लोकांनी महिन्यात ५ टीबी ऐकलं की ५०० डॉलरच्या वर बिल, आणि हे फक्त ट्रॅफिकचं, स्टोरेज वेगळंच. वर्गणीवर चालणाऱ्या कामाला हे झेपत नाही हो.

जर्मनीत डेडिकेटेड, म्हणजे अख्खा आपल्या एकट्यासाठीचा, सर्व्हर भाड्याने घेणं खरंच स्वस्त पडतं, डिस्क गेली तर तेच बदलून देतात, लेटन्सी (डेटा जाऊन यायला लागणारा वेळ) १०० मिलिसेकंदांच्या वर जाते पण ऑडिओ ऐकणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. अडतं ते फाइल्स अपलोड करताना. एका डिस्कवरच्या ४ टीबीच्या मूळ फाइल्स १०० एमबीपीएसने चढवायच्या तर लाइन एकदाही न तुटता साडेतीन दिवसांच्या वर लागतात, आणि तीच डिस्क पिशवीत टाकून डोंबिवलीहून निघालं, ठाण्याला गाडी बदलून ट्रान्सहार्बर लोकल पकडली की सकाळच्या सकाळी रबाळ्याला. ऐरोली, रबाळे, महापे हा सगळा पट्टा डेटा सेंटरांनी भरलाय, ही सोय देशात फार कमी शहरांना आहे आणि आपण ती हिशोबातच धरत नाही!

घरी ठेवणं शिकायला उत्तम, लोकांना सेवा द्यायला नाही. २५० वॉटचं मशीन दिवसाला ६ युनिट खातं, म्हणजे महिन्याला १८०, वर एसी. पंख्यांचा आवाज वन बीएचकेमध्ये कुठे लपवणार? बऱ्याच घरगुती ब्रॉडबँडवर सीजीनॅट असतं, म्हणजे एकच आयपी पत्ता अनेक घरांत वाटलेला, त्यामुळे बाहेरून कुणाला आपल्या मशीनपर्यंत थेट पोचता येत नाही, आणि स्टॅटिक आयपीला (आपल्या एकट्याच्या, न बदलणाऱ्या पत्त्याला) वेगळे पैसे. आणि १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवा, ग्रिड बसली, लोकल जागच्या जागी थांबल्या, अशा वेळी घरचा यूपीएस किती वेळ पुरणार, डेटा सेंटरमध्ये निदान डिझेल जनरेटर तरी असतो.

कोलोकेशनमध्ये बारीक बघायचं ते विजेचं. २यू (रॅकमधले दोन खण) जागेचं भाडं ऐकून खूश होऊ नका, किती अँपिअर धरलेत, ए आणि बी दोन्ही फीड (विजेच्या दोन वेगळ्या लाइनी) मिळतात का, रिमोट हँड्सचे, म्हणजे आपल्या वतीने मशीनला हात लावणाऱ्या तिथल्या माणसाचे, तासाला किती, १८ टक्के जीएसटी धरलाय का, हे लिहून घ्या. मशीन आत न्यायला सीरियल नंबरसकट पत्र लागतं, बाहेर काढायला पुन्हा गेटपास. डिस्क तुमची, म्हणजे गेली तर बदलायची पण तुम्हीच, त्यामुळे एक-दोन स्पेअर तिथेच ठेवायला परवानगी मागा. आयपीएमआय (मशीन लांबून चालू-बंद करायची सोय) कधीही उघड्या इंटरनेटवर ठेवू नका, व्हीपीएनच्या, म्हणजे खासगी सुरक्षित जोडणीच्या, मागेच. आणि दुसरी कॉपी घरी हवीच, रेड (एक डिस्क गेली तरी डेटा राहावा म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडणं) म्हणजे बॅकअप नाही, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच.

दोन ठिकाणचे कोटेशन आलेत, बोलणी चालू आहेत. कुणाचं मशीन रबाळे-महापेला असेल तर सांगा, रविवारी रात्री डिस्क बदलायला आत सोडतात का, की आधी त्यांच्याकडे विनंतीचं तिकीट टाकून वाट बघावी लागते?