आमची वाटचाल : पेटीच्या दुकानातून छोट्या पियानोपर्यंत

सोलापुरात साखर पेठेतलं आमचं दुकान अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पेटी-तबला दुरुस्तीसाठी सुरू केलं. पेटीचा सूर कानशीने लागतो. रीड, म्हणजे पेटीतली धातूची पातळ जीभ, टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. मी लहानपणापासून तेच शिकलो, म्हणून रेल्वे लाइन्समधल्या एका बंगल्यातून पियानोसाठी बोलावणं आलं तेव्हा बेधडक गेलो.

पियानो जेमतेम ४० इंच उंचीचा, भिंतीला टेकून ठेवलेला. मोबाइलवरच्या ॲपचा काटा बघत मी ८८ पट्ट्या एकेक करून मधोमध आणल्या. संध्याकाळी काकूंनी वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "वरचं गोड वाटतंय, पण डाव्या हाताला काहीतरी भांडतंय." मी परत काटा दाखवला. त्यांनी पैसे दिले, पण त्या दिवशी ते पैसे खिशात जड वाटले.

दुसऱ्या दिवशी अण्णांना घेऊन गेलो. त्यांनी खालचा आणि वरचा सा एकत्र दाबून बराच वेळ धरला. म्हणाले, "मोबाइल खाली ठेव. तंबोऱ्यात स्वयंभू गंधार ऐकतोस ना, तसं हिच्या आत काय वाजतंय ते ऐक."

सगळी गोम तिथेच होती. कुठल्याही स्वराच्या आत त्याचेच आणखी वरचे, बारीक स्वर वाजत असतात. पेटीच्या रीडमधले हे वरचे स्वर मूळ स्वराच्या नेमक्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे असतात. पोलादी तार मात्र ताठ असते, त्यामुळे तिचे वरचे स्वर थोडे चढेच निघतात. लांब ग्रँड पियानोत हा फरक कमी असतो. छोट्या पियानोत खर्जाची तार आखूड, म्हणून ती जाड करावी लागते, वर तांबं गुंडाळावं लागतं, आणि फरक वाढतो. मूळ स्वर कागदावर बरोबर असला तरी आतले स्वर एकमेकांवर आदळतात. तेव्हापासून खर्जातलं सप्तक आम्ही खालच्या तारेचा सहावा आणि वरच्या तारेचा तिसरा स्वर जुळवून लावतो. पडताळा सोपा आहे. ए या पाश्चात्त्य स्वराचे खालचा-वरचा असे दोन ए लावले असतील तर त्यांच्यामधला सी धरायचा. दोन स्वरांत थोडा फरक असला की आवाज कमी-जास्त होत राहतो, त्यालाच आम्ही लहर म्हणतो. खालच्या ए-बरोबर तो जितक्या वेगाने लहरतो, तितक्याच वेगाने वरच्या ए-बरोबर लहरला पाहिजे.

खरी कसोटी लागते ती गुंडाळलेल्या तारा संपून साध्या तारा सुरू होतात त्या जागी. मधल्या सप्तकात एफ आणि ए एकत्र दाबले की सेकंदाला साधारण ७ लहरी येतात, आणि एकेक पट्टी वर जाताना वेग हळूहळू वाढायला हवा. छोट्या पियानोत त्या सांध्यावर वेग एकदम उडी मारतो. ती उडी पूर्णपणे जात नाही. चार-पाच स्वरांत ती वाटून टाकायची, म्हणजे वाजवणाऱ्याला टोचत नाही. गिऱ्हाइकाला आम्ही हे आधीच सांगतो. त्यामुळे काही कामं गेली, पण जी राहिली ती दहा-दहा वर्षं टिकली.

दुसरा धडा सोलापूरच्या हवेने दिला. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो आणि घरोघरी कूलर लागतात. कूलरच्या ओल्या हवेने साउंडबोर्डचं, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या फळीचं, लाकूड फुगतं, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी वर उचलली जाते आणि सूर चढतो. कूलर बंद झाला की लाकूड सुकतं आणि सूर उतरतो. एका वर्षी मे महिन्यात लावलेले तीन पियानो पंधरा दिवसांत परत बोलावू लागले. तिन्ही आम्ही फुकट लावून दिले. आता बघायला गेलो की आधी कूलरचं तोंड कुठे आहे ते पाहतो.

वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या पियानोसाठी आम्ही दोन फेऱ्यांचेच पैसे सांगतो. सुमारे २३० तारा, सगळ्यांचा ताण मिळून १५ ते २० टनांच्या घरात. एक बाजू ओढली की दुसरी सैल पडते. पहिल्या फेरीत सूर मुद्दाम थोडा चढाच ठेवायचा, दुसऱ्या फेरीत बारकाईने लावायचा. माझा पुतण्या सूर लावायची चावी छान फिरवतो, पण पीन, म्हणजे तार गुंडाळलेली खुंटी, पक्की बसवायला शिकायला त्याला दोन वर्षं लागली. सूर किंचित वर नेऊन खाली आणायचा, आणि पट्टी जोरात ठोकून बघायची. हलला तर पीन बसलेलीच नाही.

गेल्या महिन्यात पूर्व भागातल्या एका यंत्रमागवाल्यांकडे आम्ही दोघं होतो. भिंतीपलीकडे मागांची खटखट, त्यात लहरी मोजणं अशक्य. मालकांनी स्वतः जाऊन जेवणाच्या सुट्टीआधीच माग थांबवले. पाऊण तास शांतता मिळाली आणि तेवढ्यात पुतण्याने सांध्यावरचे पाच स्वर एकट्याने लावले. त्यांची मुलगी वाजवायला बसली, तेव्हा कामगार डबे घेऊन दारात उभे होते. पुढची फेरी दिवाळीनंतर. कूलर त्यांनी त्याच दिवशी दुसऱ्या खिडकीत हलवला.