तीन गाठी पाणी

आमच्या क्लबचा उन्हाळी कार्यक्रम होळीनंतरच्या पहिल्या गुरुवारी ठरतो. ठरतो म्हणजे भांडून ठरतो. फळ्यावर एप्रिल, मे, जून असे तीन रकाने आखायचे आणि ज्याच्या तोंडून जो गड निघेल तो लिहीत सुटायचं. क्लायंबिंगवाली मंडळी लिंगाणा आणि वानरलिंगीच्या खाली यायला तयार नसतात. ज्यांना नुसतं चालायचं असतं ते राजगड-तोरणा धरून बसतात. उरलेल्या अर्ध्या लोकांना गडाशी देणंघेणं नसतं, त्यांना काजवे बघायचे असतात.

या वर्षी मात्र भांडणाला निराळं वळण लागलं, आणि त्याला कारण गेल्या मे महिन्यातला आमचा पराक्रम. गडाचं नाव सांगत नाही, त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. कुणीतरी कुठेतरी वाचलं होतं की वर बारमाही टाकं आहे. तेवढ्या भरवशावर आम्ही बावीस जण माणशी दोन-दोन लिटर पाणी घेऊन चढलो. टाकं होतं, पाणीही होतं, पण त्यात एक वानर मरून फुगलं होतं. पुढचे सहा तास कसे काढले ते लिहिण्यासारखं नाही. उतरताना एका मुलाला चक्कर आली. तेव्हा शेवटचं अर्धा लिटर पाणी त्याला पाजायचं की त्याच्या डोक्यावर ओतायचं यावर दोन जाणत्या माणसांत वाद झाला, एवढंच सांगतो. त्या ट्रेकचा लीडर मीच होतो.

म्हणून या खेपेला नियम केला: कुणीतरी पंधरा-वीस दिवस आधी जाऊन पाणी बघून आल्याशिवाय मे महिन्याच्या रकान्यात काहीही पक्कं करायचं नाही.

एप्रिल सोपा होता. चैत्री पौर्णिमेला राजगड, रात्री चढायचं आणि ऊन चढायच्या आत उतरायचं. एका नव्या मुलीने विचारलं, पौर्णिमाच आहे तर रायगड का नाही? चैत्री पौर्णिमा म्हणजे हनुमान जयंती, आणि 1680 मध्ये याच तिथीला महाराजांनी रायगडावर देह ठेवला. त्या दिवशी गड पुण्यतिथीला आलेल्या माणसांनी भरलेला असतो. तिथे माथा टेकायला जरूर जावं, पण पाठीवर सॅक आणि गळ्यात शिट्टी अडकवून पोरांची मोजदाद करायला जाऊ नये. क्लायंबिंगचा सराव दर रविवारी पहाटे साडेपाचला सुरू आणि नऊला रोप गोळा, हेही वादाशिवाय मंजूर झालं. नऊनंतर आपला काळा कातळ तव्यासारखा तापतो. बोटं घामाने निसटतात आणि बुटाचा रबर मऊ पडून आधीसारखा धरत नाही. शिवाय उन्हं चढली की आग्यामाश्याही जाग्या असतात. अत्तर-डिओ फासून येणाऱ्याला आम्ही कातळाच्या जवळ उभं करत नाही.

अडलं ते मे महिन्याच्या रकान्यात. तिथे लिहिलं होतं: रतनगड आणि सांदण दरी, दोन दिवस, तीस जण. सेक्रेटरींनी खडू खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली.

आमची क्लायंबिंग लीडर आणि मी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात निघालो. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, मग आत वळून ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर. शेंडीला चहा घेतला आणि मुतखेलवरून भंडारदऱ्याच्या कडेकडेने रतनवाडी. पावसाळ्यात हाच रस्ता गाड्यांनी तुंबलेला असतो. त्या दिवशी समोरून आली फक्त एक एसटी आणि जळणाच्या मोळ्या घेतलेल्या चार बायका. जलाशय आटत आटत मागे सरकला होता. काठाची माती भेगाळलेली, तडकलेली, आणि जिथे पाणी असायचं तिथे गुरं चरत होती.

आम्ही उतरलो त्या घराच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे बाळहिरडा पसरलेला. उन्हाळ्यात इथली माणसं रानातून कोवळी हिरडी वेचून आणतात, वाळवतात आणि व्यापाऱ्याला घालतात. आज तोडलेली हिरवी, कालची तपकिरी, परवाची काळी कुळकुळीत, असे एकाच अंगणात तीन दिवस शेजारी शेजारी पसरले होते. मावशी उकिडव्या बसून हाताने ती उलथत होत्या. मी एक उचलून चावली. तुरट चव जिभेवर जी बसली ती रात्रीच्या पिठल्यापर्यंत उतरली नाही.

‘पानी प्या आधी,’ म्हणून मावशींनी तांब्या दिला. तो रिकामा करून मी सवयीने पुन्हा पुढे केला. त्यांनी भरून दिला, पण त्याआधी हंड्यात डोकावून बघितलं. एवढंसंच डोकावणं, पण माझ्या लक्षात राहिलं.

पहाटे पाचला घरातल्या मामांबरोबर निघालो. अमृतेश्वराच्या देवळाला बाहेरूनच हात जोडले. कोरीवकाम बघत बसलो असतो तर ऊन डोक्यावर आलं असतं. वाट प्रवरेच्या पात्रातून जाते. नदीचा उगम याच डोंगरात, आणि एप्रिलमध्ये पात्र म्हणजे नुसते गोटे. दोन-तीनदा ते ओलांडलं की झाडी सुरू होते, आणि उन्हाळ्यात रतनगड निवडायचा तो या झाडीसाठीच. शिडीपर्यंतची बहुतेक चाल सावलीतली आहे. राजगडावरून तोरण्याला जाणारी धार मे महिन्यात बोडकी असते, तिथे माणूस भाजून निघतो. इथे दाट रान आहे आणि करवंदीच्या जाळ्या आहेत. करवंदं अजून हिरवी होती. मे मध्ये तीस जण इथे पोचले की वेळापत्रकाचं काय होईल ते मला दिसायला लागलं. प्रत्येक जाळीपाशी दहा मिनिटं.

कात्राबाईच्या खिंडीकडे, म्हणजे हरिश्चंद्रगडाकडे, जाणारी वाट फुटते तिथे आम्ही खूण करून ठेवली. अंधारात चालताना इथे चुकण्याला भरपूर वाव आहे. साडेसातला लोखंडी शिड्या. शिडीचा गज अजून थंड होता. लीडरने वहीत लिहिलं: आठच्या आत शिड्या पार. उतरताना दुपारी त्याच गजाला हात लावला तर चटका बसेल, म्हणून तिच्या सॅकमध्ये बिलेचे, म्हणजे चढणाऱ्याची दोरी धरायचे, हातमोजे कायम असतात. मी तिला हसायचो. आता हसत नाही.

गणेश दरवाजा, रत्नादेवीची गुहा, मग वरचं पठार. इथून पुढे झाड नाही. आणि इथेच आमचं खरं काम होतं.

टाकी बरीच आहेत. पहिलं कोरडं ठाक, तळाशी चिप्सची पाकिटं. दुसऱ्यात हिरवी साय. तिसऱ्यात पाणी होतं पण वास होता. मामा न थांबता पुढे गेले आणि एका टाक्यापाशी उकिडवे बसले. ‘हे बघा.’ पाणी गडद दिसत होतं, पण हातात घेतलं तर स्वच्छ. वर पाणकिडे पळत होते, त्यांना बघून बरंच वाटलं. मी सॅकमधून जुनी पाच मिलिमीटरची दोरी काढली, टोकाला दगड बांधला. दोरीला दर हाताला एक गाठ मारून ठेवलेली होती. दगड तळाला टेकल्यावर वर ओढली. तीन गाठी ओल्या, चौथी कोरडी.

मामांना त्या दोरीची फार गंमत वाटली. ‘बँकेचं पासबुक हाय का?’ म्हणाले.

मग हिशेब. तीन हात पाणी म्हणजे टाकं चांगलंच भरलेलं आहे. पण पुढचे तीन आठवडे वाफ होणार, इतर ट्रेकर येणार, वानरं येणार. गडावर मुक्काम केला तर स्वयंपाक-चहा-पिणं धरून माणशी तीन लिटर कुठे गेले नाहीत. तीस जणांचे नव्वद. गाळायला पंचा, मग उकळायचं, नाहीतर क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबायचं. टाक्याला नव्वद लिटर जड नाहीत. मी खुशीत येऊन म्हटलं, तीस जमतील.

नेढ्यात जाऊन बसलो. डोंगराच्या माथ्यालाच आरपार पडलेलं ते भोक, आणि त्यातून वारा असा वाहतो की भिजलेला शर्ट बघता बघता वाळतो. उत्तरेला कळसूबाई आणि अलंग-मदन-कुलंग, दक्षिणेला आजोबा आणि त्याच्या मागे हरिश्चंद्रगडाची ओळ, सगळं धुरकट. खाली धरणाचा निळा तुकडा. मामा त्या तुकड्याकडे बघत बिडी फुंकत होते. मी सहज विचारलं, तीस जणांची सोय होईल ना घरी, पहिल्या रात्री?

‘जेवणाची व्हईल,’ मामा म्हणाले. थांबले. ‘पान्याचं बघावं लागंल.’

मग हळूहळू निघालं. जवळची विहीर मे लागला की तळ दाखवते. हापसा पन्नास दांडे मारल्यावर एक हंडा देतो, तोही पहाटे. मावशी आणि सून चारला उठून नंबर लावतात. गेल्या वर्षी कुठलासा चाळीस जणांचा ग्रुप आला, सकाळी सगळ्यांनी तोंडं धुतली, दोघांनी तर आंघोळ केली. ‘पाव्हन्याला नाय कसं म्हनायचं?’ धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण मी शाळेपासून वापरत आलो आहे. ती अशी उशाशी बसून ऐकायची वेळ आली नव्हती.

आणि मी काल दुसरा तांब्या मागितला होता.

त्र्यंबक दरवाज्याने उतरलो. कातळात खोदलेल्या उंचच उंच पायऱ्या, घसाऱ्याने भरलेल्या. वाट पुढे खुट्ट्याला वळसा घालून साम्रदच्या बाजूला जाते. खुट्टा म्हणजे रतनगडाला चिकटून उभा असलेला सुळका. लीडर त्याच्याकडे मान मोडेपर्यंत बघत राहिली. ‘डिसेंबर,’ ती शेवटी म्हणाली. तिच्या वहीत डिसेंबरचं पान आताच भरत आलं आहे.

साम्रदला सांदण दरीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते, आणि आत शिरताच अंगावरून ओलसर गारवा गेला. दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती, मध्ये काही ठिकाणी दोन माणसं जेमतेम मावतील एवढी फट. ऊन वरच अडकून राहतं. सुरुवातीच्या पाण्याच्या टप्प्यात आम्हांला गुडघाभर पाणी लागलं. पावसाळ्यानंतर हेच छातीपर्यंत असतं. पहिल्या रॅपलिंगच्या, म्हणजे दोरीवरून उतरायच्या, टप्प्याशी जाऊन लीडरने कातळात ठोकलेले बोल्ट बघितले. एकाला तिने बोटाने खरवडलं तर गंजाचा पापुद्रा निघाला. तिने त्यावर काट मारली आणि मागच्या मोठ्या धोंड्याला स्लिंग, म्हणजे दोर अडकवायचा पट्टा, कशी घ्यायची याचं चित्र काढलं. कुणी कधी ठोकलेत ते माहीत नसलेल्या बोल्टवर दुसऱ्याच्या घरचं मूल लटकवायचं नाही, हे तिचं तत्त्व आहे आणि त्यात ती कुणाचं ऐकत नाही.

खरी अडचण बोल्टची नव्हती, वळवाची होती. मे च्या उत्तरार्धात दुपारी ढग चढतात. दरीत असताना आभाळ दिसतं ते एवढंसं, चिंधीएवढं. वर घाटघरच्या बाजूला सर कोसळली तरी खाली कळत नाही, आणि कळतं तेव्हा पाणी आलेलं असतं. तिने लिहिलं: 10 मे च्या पुढे सांदण नाही. त्याखाली दोन रेघा.

गुरुवारी मीटिंगला मी फळ्यावरचे तीस पुसून चौदा लिहिले. गलका झाला. पैसे भरलेले होते, दोघांनी रजा टाकलेल्या होत्या. टाक्यात तीन हात पाणी आहे म्हणतोस आणि चौदाच का? मी म्हटलं, टाक्यात आहे, हंड्यात नाही. नुसतं तेवढ्याने कुणाचं समाधान झालं नाही, म्हणून हापशाचे पन्नास दांडे आणि पहाटे चारचा नंबर हे सगळं सांगावं लागलं. सेक्रेटरींनी मध्येच विचारलं, पाणी आपण नेलं तर? त्यातून मार्ग निघाला. राजूरला वीस लिटरचे सहा जार गाडीत चढवायचे, ते मावशींच्या ओट्यावर उतरवायचे आणि आपली पहिली रात्र त्यावर काढायची. उरलेल्या सोळा जणांना दुसरी तुकडी म्हणून नोव्हेंबरची तारीख दिली. त्यातले सहा जण चिडले, ते नोव्हेंबरलाही येणार नाहीत. काजव्यांचा आग्रह धरणाऱ्यांना मी एवढंच सांगितलं की जूनच्या शनिवार-रविवारी भंडारदऱ्याला काजव्यांपेक्षा हेडलाइट जास्त दिसतात. जायचं तर मधल्या वारी जा, आणि टॉर्च गाडीत ठेवा.

मे च्या पहिल्या शनिवारी आम्ही चौदा जण गेलो. करवंदं पिकली होती आणि वेळापत्रक माझ्या अंदाजाप्रमाणे जाळीगणिक कोसळलं. शिड्यांपाशी पोचायला पावणेनऊ झाले. दोघींनी हातमोजे मागून घेतले. अंगणातला हिरडा विकला गेला होता, जमिनीवर नुसते काळे डाग राहिले होते. मावशींनी जारकडे बघून ‘एवढं कशाला आनलं’ असं म्हटलं, आणि आम्ही गडाकडे निघालो तेव्हा उरलेल्या दोन जारांवर ओला फडका गुंडाळून ते आत नेले.

वर टाक्यापाशी मी दोरी सोडली. चौदा डोकी त्या चौकोनी तोंडाभोवती वाकून बघत होती. दगड टेकला, दोरी वर आली. दोन गाठी ओल्या. तिसरी मी बोटांत धरून दाबून बघितली, पुन्हा बघितली. मामा म्हणाले, कोरडी हाय, सोडा आता, चहा ठेवा.