सूत्रकृमींच्या संकरात ३:१ कुठे बिघडतं

पदवीच्या वर्गाला मेंडेलचं ३:१ (दुसऱ्या पिढीत तीन साध्यांमागे एक बुटका) शिकवायला सी. एलिगन्स हा सूत्रकृमी फार गुणी. लांबी जेमतेम १ मिमी, अंग पारदर्शक, आणि २० अंश सेल्सिअसला साडेतीन दिवसांत पिढी तयार. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ साली त्याच्या जनुकशास्त्राचा पाया घातला, तोही अशाच बुटक्या आणि लुळ्या उत्परिवर्तींवर.

प्रयोग साधा आहे: डीपीवाय-५ (अंग बुटकं करणारं उत्परिवर्तन) ची बुटकी उभयलिंगी मादी, म्हणजे स्वतःचे शुक्राणूही बनवणारी, आणि साध्या वाणाचे नर. लहान अगार प्लेटवर ओपी५० जीवाणूंचा (कृमींचं खाद्य) एकच थेंब वाढवा, म्हणजे सगळे तिथेच गोळा होतात. त्यावर दोन माद्या, सात-आठ नर. मादी एल४ अवस्थेतलीच, म्हणजे प्रौढ होण्याआधीच्या शेवटच्या अळी-अवस्थेतली हवी. पोटाच्या मध्यावर पांढरट चंद्रकोर दिसते, तीच खूण. प्रौढ मादी घेतली तर तिच्या पोटात स्वतःच्या शुक्राणूंनी फळलेली अंडी आधीच असतात.

उचलायची प्लॅटिनमची तार टोकाला चपटी करा, लाल तापवून थंड होऊ द्या, जीवाणूंत टेकवून चिकट करा आणि कृमीला अलगद स्पर्श करा. अगारला भोक पडलं की कृमी आत शिरतात, मग मोजणं विसरा!

पहिल्या पिढीतली बुटकी पिल्लं स्वफलनाची, ती सोडा. साध्या लांबीची तेवढी संकराची, त्यांत निम्मे नर. त्यांतल्या एल४ माद्या एकेकट्या ठेवा, म्हणजे स्वफलनाने दुसरी पिढी मिळते.

खरी गफलत दुसऱ्या पिढीत होते. मादी तीन-चार दिवस अंडी घालते, म्हणून एकाच प्लेटवर लहान-मोठी सरमिसळ होते आणि साधी लहान पिल्लं बुटक्यांत मोजली जातात. उलट, बुटके सावकाश वाढतात, त्यामुळे घाईने फक्त प्रौढ मोजले तर तेच कमी भरतात. उपाय एकच: मादी दर १२ तासांनी नव्या प्लेटवर हलवा, सगळी प्रौढ झाल्यावरच मोजा आणि मोजलेला प्रत्येक कृमी उचलून टाका.

किमान २०० तरी मोजा, हा माझा आग्रह. २० पैकी १७:३ आले तर काय-वर्ग (अपेक्षित ३:१ पासून किती फरक पडला त्याचं माप) १.०७, म्हणजे गफलत असली तरी ती दिसत नाही. २०० मध्ये १६५:३५ आले तर तो ६ होतो, ३.८४ च्या मर्यादेबाहेर, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा मानता येत नाही. मग आधी प्लेटा पुन्हा तपासा, मेंडेलवर नंतर संशय घ्या.