बॅटरी मेली नव्हती, उपाशी होती

आज दिवसभर कुडाळच्या घरी माळ्यावर होतो. महिनाभर सोलरवरचे दिवे रात्री नऊलाच मंद व्हायचे. तपासायला आलेल्याने दोन मिनिटांत सांगितलं, "बॅटरी गेली, नवीन घ्या." बाबा पैसे मोजायच्या तयारीत होते. मी म्हटलं, एक दिवस थांबा.

सकाळी लोड बंद ठेवून व्होल्टेज बघितलं : १२.१. म्हणजे जेमतेम अर्धी भरलेली. हायड्रोमीटर, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी, बॅटरीच्या सहाही सेलमध्ये (कप्प्यांमध्ये) १.१८० च्या आसपास. आमच्यासारखी ट्यूब्युलर प्रकारची बॅटरी पूर्ण भरली की १.२४० दाखवते. पण एखादा सेल मेला असता तर तो एकटाच खाली दिसला असता. इथे सहाही सारखेच भुकेले. तिथेच जीवात जीव आला.

मग भर उन्हात, चार्जिंग चालू असताना, दोन ठिकाणी मोजलं. कंट्रोलरवर (पॅनेलकडून बॅटरीत जाणारा करंट सांभाळणारा डबा) १४.४ व्होल्ट, बॅटरीच्या टर्मिनलवर फक्त १३.६! कंट्रोलरला वाटत होतं बॅटरी भरत आली, म्हणून तो करंट कमी करायचा. मधले ०.८ व्होल्ट खात होती हिरव्या-पांढऱ्या गंजाने भरलेली लग, म्हणजे वायर टर्मिनलला जोडणारं धातूचं टोक. आमची दमट हवा, दुसरं काय.

सेलची झाकणं घट्ट लावून खायचा सोडा आणि गरम पाण्याने टर्मिनल धुतलं, लग बदलली, वर व्हॅसलीन. दुपारी बॅटरीवर १४.३.

अर्धवट चार्ज राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं. किती बसलंय ते आठवडाभर पूर्ण चार्ज केल्यावर कळेल. आत्ता साडेदहा वाजलेत, आई दिव्याखाली तांदूळ निवडतेय.